ताईचे अकरा दिवस

कॉम्प्युटरबाईंना जन्मात कुणी काही विचारलं नाही. असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई तिखटमीठ लावून बोलतात. तर तसं नव्हतं. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा त्यांना विचारलं नाही, आणि मोडलं तेव्हाही नाही. थोरल्या भावानं राहतं घर विकलं, ते बाईंना कळलं तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत बसली होती. "अहो वन्सं, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं बघा," असं म्हणाली आणि हातातल्या पातेल्याला दुसरा कागद गुंडाळला. नव्या जागेत बाईंच्या वाट्याला जी खोली आली तिच्यात कपडे धुण्याचं मशीनही होतं. ते गरागरा फिरायला लागलं की बाईंची खाट थरथरायची. त्याबद्दलही त्यांना कुणी विचारलं नाही.

माणसाला घरात किंमत नसली की तो ती बाहेर शोधतो. बाईंनी ती हॉस्पिटलात शोधली, आणि खोटं कशाला बोला, बरीच वर्षं ती त्यांना मिळालीही.

हॉस्पिटल चार मजल्यांचं, ना धड मोठं ना धड लहान. बाई तिथं अठ्ठावीस वर्षांपूर्वी पेशंटांचे कागद टाइप करायला लागल्या. दोन वर्षांत तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, धुतलेल्या चादरींच्या कोठाराला लागून, एक यंत्र आलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चित्रबित्र काही नाही. बसवायला आलेला माणूस सगळं जोडून झाल्यावर म्हणाला, याला आता नाव द्यायचं राहिलंय. तेव्हाचे मोठे डॉक्टर घाईत होते. ते म्हणाले, "द्या काहीतरी, बाई." आणि निघून गेले.

नाव द्यायचं म्हणजे एक शब्द लिहायचा. इंग्रजी अक्षरं, तीही लहान, मध्ये जागा सोडायची नाही. मग जाळ्यातली बाकीची यंत्रं त्याला त्या नावानं हाक मारतात आणि ते ओ देतं. बाईंनी थोडा विचार केला आणि तीन अक्षरं लिहिली, ताई. त्यांच्या लहानपणी घरात ज्याला जे हवं असेल तो त्या खोलीतून "ताई" म्हणून ओरडायचा आणि थोरली बहीण ते आणून द्यायची. या यंत्राचंही तेच होणार हे बाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

पुढं यंत्रं वाढली आणि नात्यागोत्याचा पसारा झाला. कागद छापणारं यंत्र होतं ते मामी, कारण ते सावकाश चालायचं आणि कागद खायचं. चौकशीच्या खिडकीतलं काकू, कारण तिथं सगळ्या गावाच्या बातम्या. नव्या बायकांना शिकवायला ताईची हुबेहूब नक्कल करून एक यंत्र उभं केलं, ते जाऊ. सगळं हॉस्पिटल त्याच भाषेत बोलायला लागलं. "मामी रुसलीय," "काकूला जरा बंद करून चालू करा," "ताईला विचार, तिच्याकडे असेल." एकदा एक नर्स फोनवर सांगत होती, "ताई गरम झालीय, बाईंना बोलवा." शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या पेशंटनं काळजीनं विचारलं होतं की घरी कोण आजारी आहे.

आता या जावेमुळं जे झालं ते नीट सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

प्रयोगशाळेत रक्ताची तपासणी होते. एखाद्याचा आकडा जिवावर बेतणारा निघाला, पोटॅशियम फार वाढलं किंवा साखर फार उतरली, तर ते वॉर्डात लगेच कळायला हवं. पूर्वी प्रयोगशाळेचा माणूस फोन करायचा. फोन लागायचा नाही, लागला तर कुणी उचलायचं नाही. बाईंनी ताईवर एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे यंत्रानं आपोआप पाळायच्या हुकमांची यादी, लिहिली. ती दर मिनिटाला उठायची, नवे आकडे चाळायची, आणि धोक्याचा आकडा दिसला की त्या वॉर्डातल्या छोट्या प्रिंटरवर लाल कडेची चिठ्ठी छापायची. प्रिंटर किर्र वाजला की नर्स हातातलं टाकून धावायची. ही चिठ्ठी बाईंच्या आयुष्यातली सर्वांत चांगली गोष्ट होती. किती माणसं त्या चिठ्ठीनं वाचली याचा हिशेब कुणी ठेवला नाही, बाईंनीही नाही. पण एक-दोन वेळा कुणी डॉक्टर जिन्याखाली डोकावून "आज तुमच्या चिठ्ठीनं काम केलं बरं का" असं म्हणून गेला होता, आणि त्या दिवशी बाई घरी जाताना ताठ चालल्या होत्या.

मग जाऊ आली. ती ताईची नक्कल, म्हणजे तिच्यातही तीच स्क्रिप्ट. शिकाऊ बायका जावेवर खोटे आकडे भरायच्या आणि जाऊ इमानदारीनं वॉर्डात चिठ्ठ्या छापायची. एका दुपारी धडधाकट माणसाला चार जणांनी धरून स्ट्रेचरवर घातलं. डॉक्टर खाली येऊन तासभर ओरडले. बाईंनी त्याच संध्याकाळी स्क्रिप्टच्या सुरुवातीला एक ओळ घातली. उठल्याबरोबर आधी यंत्राला नाव विचारायचं. नाव ताई असेल तर पुढं काम करायचं, दुसरं काही असेल तर मुकाट झोपायचं. तक्रार करायची नाही, कुठं नोंद करायची नाही. नोंद करावी असं मनात आलं होतं, पण वाचणार कोण, म्हणून राहिलं. ताईचं नाव कधी बदलेल असं त्यांना वाटलंच नाही. आईचं नाव कोण बदलतं, तसंच ते. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. ती ओळ कुठल्या कागदावर नव्हती, बाईंच्या डोक्यात होती.

चिठ्ठ्या इतक्या भरवशाच्या झाल्या की प्रयोगशाळेतल्या माणसांनी फोन करणं हळूहळू सोडून दिलं. नियम मात्र भिंतीवर तसाच चिकटवलेला होता, धोक्याचा आकडा फोनवर कळवावा म्हणून. त्याच्यावर सुट्ट्यांची यादी लावलेली असायची.

प्रयोगशाळेत भाऊ होते. त्यांना सगळेच भाऊ म्हणायचे. एकोणतीस वर्षं नोकरी, जाड चष्मा, खिशाला तीन पेनं. चार वाजता ते चहा घेऊन जिन्याखाली यायचे आणि बाईंच्या खोलीत एसीच्या गळक्या नळीखाली ठेवलेली बादली ओतून यायचे, मग बसायचे. न सांगता. हॉस्पिटलात बाईंना जवळचं असं एवढं एकच माणूस होतं. बाई बडबडायच्या, ते ऐकायचे, अधूनमधून "हं" म्हणायचे. फार विचारपूस करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

त्या वर्षी नवे व्यवस्थापक आले. आले ते उंटावर बसूनच. पहिल्या महिन्यात त्यांनी खुर्च्यांना क्रमांक दिले, दुसऱ्या महिन्यात कपाटांना. तिसऱ्या महिन्यात सभेत त्यांनी यंत्रांची यादी पडद्यावर लावली आणि एकेक नाव मोठ्यानं वाचलं. ताई. मामी. काकू. जाऊ. वाचून झाल्यावर थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे हॉस्पिटल आहे की एकत्र कुटुंब?"

हसले सगळे. डॉक्टर हसले, नर्सा हसल्या, हिशेबाच्या खात्यातली बाई तर डोळे पुसेपर्यंत हसली. भाऊही हसले. ते हसणं वाईट नव्हतं खरं तर, आपल्याच घरातल्या गमतीला हसावं तसं होतं. पण बाईंना तो फरक करायला तेव्हा सुचलं नाही. त्यांची कानशिलं तापली.

"सगळ्यांना एका पद्धतीची नावं द्यायची," साहेब म्हणाले. "खात्याचं नाव, मग सर्व्हर, मग क्रमांक. कॉम्प्युटर एजन्सीचा माणूस येईल, तो करेल."

"साहेब, नावं बऱ्याच ठिकाणी लिहिलेली आहेत," बाई उभ्या राहून म्हणाल्या. "मला आठ दिवस द्या, मी शोधून—"

"बाई, बसा, बसा. तुम्ही खूप केलंत. आता आराम करा. तुमचा पासवर्ड तेवढा पाकिटात घालून माझ्याकडे द्या."

बाई बसल्या. मुख्य म्हणजे त्या आठ दिवसांत काय शोधणार आहेत, एवढंसुद्धा साहेबांनी विचारलं नाही.

बुधवारी एजन्सीचा माणूस आला. तिशीतला, घाईतला, कानात फोन अडकवलेला. बाईंच्याच खुर्चीवर बसून त्यानं अर्ध्या तासात सगळ्यांची नावं बदलली आणि बाईंनी विचारायच्या आत "झालं" म्हणून निघून गेला. बाईंना वाटलं, आता पुढच्या मिनिटाला चिठ्ठ्या बंद. त्या धावत वर गेल्या. तिसऱ्या वॉर्डात प्रिंटर किर्र वाजला आणि लाल कडेची चिठ्ठी बाहेर आली.

बाई खाली आल्या, ज्यानं नुसतं बघता येतं, बदलता काही येत नाही, असा साधा पासवर्ड वापरून आत शिरल्या आणि यंत्राला नाव विचारलं. ते म्हणालं, ताई. मग नाव लिहिलेली फाइल उघडून पाहिली. तिच्यात होतं नवं नाव, प्रयोगशाळा-सर्व्हर-एक, इंग्रजीत, मध्ये आडव्या रेघा घालून.

बाईंच्या सगळं लक्षात आलं. यंत्र ती फाइल उठताना एकदाच वाचतं. नंतर फाइलीत कितीही खोडा, जागं असेपर्यंत ते जुन्याच नावाला ओ देत राहतं. एजन्सीवाल्यानं फाइल बदलली होती आणि यंत्र बंद करून चालू करायचं पुढं ढकललं होतं. का, ते गुरुवारी फळ्यावर लागलं: पुढच्या रविवारी सकाळी सात ते आठ विजेच्या कामासाठी सर्व यंत्रं बंद राहतील. म्हणजे बुधवारपासून मोजून अकरा दिवस. रविवारी आठला ताई उठणार, फाइल वाचणार आणि स्वतःला ताई म्हणायचं सोडून देणार. स्क्रिप्ट तिला नाव विचारणार, परकं नाव ऐकणार आणि मुकाट झोपणार.

हे जगात एका माणसाला माहीत होतं.

पहिले दोन दिवस बाईंना खात्री होती की आपण सांगणार. फक्त आपण होऊन जायचं नाही, एवढंच. साहेबांनी खाली यावं, एका वाक्यात विचारावं, "बाई, काही राहिलंय का?" मग बाईंनी सगळं ओतलं असतं, आठ दिवसांचं काम दोन दिवसांत करून दिलं असतं. साहेब आले नाहीत. उलट सोमवारच्या सभेत म्हणाले, "बघा, नावं बदलली, आभाळ कोसळलं का?" पुन्हा थोडं हसू झालं. बाईंनी मान खाली घातली, आणि खाली घातलेल्या मानेनं त्यासुद्धा हसल्या. आभाळ कधी कोसळणार आहे ते त्यांना तारीखवार माहीत होतं, आणि ते माहीत असण्यात एक गोडी होती. त्यांनी ती कुणाजवळ कबूल केली नसती, पण ती होती.

त्या दिवशी चहाच्या वेळी भाऊ बादली ओतून आले. बाई म्हणाल्या, "येऊ दे रविवार. एकदा बंद करून चालू करू देत, मग बघा कसे नाचतात ते."

भाऊंनी बशीत चहा ओतला. "हं," म्हणाले. "नाचू देत. त्यांनाही व्यायाम हवाच."

दोघं हसले. भाऊंनी पुढं काही विचारलं नाही आणि बाईंनीही सांगितलं नाही. रविवारी प्रयोगशाळेत एकट्या भाऊंचीच पाळी असते हे बाईंना माहीत होतं. त्यांचं म्हणणं असं, की रविवारी पेशंट कमी, एखाद्या वेळी आकडा निघालाच तर भाऊ जुने माणूस, ते फोन करतीलच, नियम आहे तसा. सोमवारी सकाळी नर्सा ओरडतील, साहेब धावत खाली येतील. एवढंच होईल. याहून जास्त काही होऊ शकतं हा विचार त्यांच्या मनात एकदा आला होता. भाजी निवडता निवडता. त्यांनी तो बाजूला केला आणि दुसरी जुडी घेतली.

शनिवारी पाच वाजता मात्र त्यांचे पाय आपोआप दुसऱ्या मजल्याकडे वळले. साहेबांचं दार उघडं होतं. ते फोनवर होते. बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. साहेबांनी वर न बघता तळहात दाखवला, थांबा किंवा नंतर या किंवा जा, तिन्ही अर्थ त्याच्यात बसत होते. बाई दहा मोजेपर्यंत थांबल्या. मग वळल्या आणि जिना उतरल्या, आणि उतरताना त्यांना हलकं वाटलं. आपण गेलो होतो. त्यांनीच ऐकलं नाही. देवापुढं उभं राहायची वेळ आली तर दाखवायला एवढं पुरेल, असं त्यांना वाटलं.

रविवार बाईंच्या सुट्टीचा. खोलीतलं मशीन फिरत होतं, खाट थरथरत होती, आणि वहिनी बाहेरून विचारत होती की पांढरे कपडे वेगळे काढले का. बाईंनी दोनदा फोन हातात घेतला. दोन्ही वेळा खाली ठेवला.

तिसऱ्या वॉर्डात शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर होता, त्रेचाळीस वर्षांचा, मूत्रपिंडाच्या तक्रारीनं आलेला. त्याच्या रक्ताचा आकडा सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी भाऊंच्या पडद्यावर आला आणि लाल झाला. भाऊंनी तो पाहिला. चिठ्ठी गेली असणार, असं धरून त्यांनी पुढची नळी लावली. एकट्याच्या अंगावर तेवीस नमुने होते. वॉर्डात प्रिंटर वाजला नाही, म्हणून कुणी धावलं नाही. ड्रायव्हर दुपारी तीन चाळीसला गेला. त्याचा रिपोर्ट इतर कागदांबरोबर पाच वाजता वर पोहोचला.

बाईंना हे सोमवारी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं सांगितलं. "तीन नंबरातला तो गाडीवाला गेला काल. चांगला बोलायचा हो," म्हणाला. बाईंनी विचारलं, "कशानं?" तो म्हणाला, "हृदय थांबलं म्हणतात. रक्तात काहीतरी वाढलं होतं, कुणी बघितलंच नाही." बाई वहीत सही करायला वाकल्या आणि त्यांना सही करता आली नाही. पेन चालत नाही, म्हणाल्या.

साडेनऊला साहेब जिन्याखाली आले. स्वतः आले, धावत आले, बाईंनी जसं योजलं होतं तसंच आले. हातात पासवर्डाचं पाकीट होतं. "बाई, चिठ्ठ्या कालपासून जात नाहीत. काय झालंय? तुम्हीच बघा."

बाईंना एका मिनिटात ते नीट करता आलं असतं. एका ओळीत एक शब्द बदलायचा. पण एका मिनिटात सापडलं तर ते आधीपासून माहीत होतं असं दिसेल, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून त्या शोधत बसल्या. नको त्या फाइली उघडल्या, तारा काढून पुन्हा लावल्या, "हं, हे नाही," असं पुटपुटल्या. चाळीस मिनिटं. साहेब पाठीशी उभे होते. एवढा वेळ चार मजल्यांवर एकही चिठ्ठी जात नव्हती. आज सगळे घाबरून फोन करत असतील, असं बाईंनी स्वतःला सांगितलं. खरंही होतं ते, पण कालही त्यांनी स्वतःला असंच काहीतरी सांगितलं होतं.

शेवटी त्यांनी शब्द बदलला. वर कुठंतरी प्रिंटर किर्र वाजला.

"तुम्ही होतात म्हणून, बाई," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरची कृतज्ञता होती.

गुरुवारी ड्रायव्हरची बायको आली. रिपोर्टाची प्रत बाईंकडूनच मिळायची. ती बाकावर न बसता उभीच राहिली, हातात नवऱ्याचं ओळखपत्र धरून. बाईंनी मामीवर कागद छापला. आकडा, वेळ अकरा बारा, आणि त्याच्यापुढं चिठ्ठी पाठवल्याची वेळ लिहिलेली असते तो रकाना. तो कोरा होता. तिनं कागद वरून खालपर्यंत वाचला. शिकलेली असावी.

"हे कोरं का आहे?" तिनं विचारलं.

"ते तसंच असतं," बाई म्हणाल्या.

तिनं मान डोलावली, कागदाची नीट चौघडी घातली आणि "थँक्यू हं" म्हणून गेली. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. डबा तसाच परत नेला, तर वहिनी म्हणाली, भाजी आवडली नसेल तर सांगायचं ना, वन्सं.

चौकशीला तिघं जण बसले. बाहेरचे एक निवृत्त डॉक्टर, हॉस्पिटलच्या वकीलबाई आणि संचालकांपैकी एक जण. भिंतीकडेच्या खुर्चीवर भाऊंना बसवलं होतं. एजन्सीच्या माणसानं सांगितलं की नावावर काही अवलंबून आहे असं आम्हाला कुणीच कळवलं नव्हतं. साहेबांनी सांगितलं की यंत्रणा जुनी, कागदोपत्री काही नाही. दोघंही कानावर हात ठेवून मोकळे झाले. मग बाईंना बोलावलं.

वकीलबाई चांगल्या होत्या. त्यांनी बाईंना आधी पाणी दिलं. "ती ओळ तुम्हीच लिहिली होती?"

"हो. एकोणीस वर्षं झाली."

"नाव बदललं तर चिठ्ठ्या थांबतील, हे तुम्हाला माहीत होतं का?"

हाच तो प्रश्न. सगळ्यांसमोर, आदरानं, खुर्ची देऊन, पाणी देऊन विचारलेला. उत्तर दिलं तर भिंतीकडे बसलेल्या माणसाच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरत होतं. बाईंनी पेल्याकडे पाहिलं.

"लक्षात नव्हतं," त्या म्हणाल्या.

"साहजिक आहे," निवृत्त डॉक्टर म्हणाले. "एकोणीस वर्षं म्हणजे काय थोडी आहेत?"

भाऊंनी मान वर केली. जाड चष्म्यातून त्यांनी बाईंकडे पाहिलं, फार वेळ नाही, एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच. बाईंना वाटलं, आता हे बोलणार. भाऊंनी मान खाली घातली आणि खिशातली पेनं सारखी केली.

निकाल पंधरा दिवसांत आला. भिंतीवरच्या नियमाप्रमाणे धोक्याचा आकडा फोनवर कळवणं हे प्रयोगशाळेच्या माणसाचं काम, ते त्यानं केलं नाही. भाऊंना कामावरून कमी केलं. साहेबांना ताकीद. एजन्सीला पत्र. बाईंच्या नावानं एक ओळ होती, की बिघाड तत्परतेनं शोधून दुरुस्त केला. आणि नियमाचा नवा, मोठ्या अक्षरांतला फलक सगळ्या खोल्यांत लागला. बैल गेला आणि झोपा केला. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशीच देतात, कुणाचा आवाज न चढता, पाणीबिणी देऊन.

शेवटच्या दिवशी भाऊ तळमजल्यावर आले. कामाचे तीन पांढरे कोट कोठारात जमा करायचे होते. कोठाराची बाई जेवायला गेली होती, म्हणून ते जिन्याखालच्या खोलीत शिरले. बादली भरली होती, ती त्यांनी सवयीनं उचलली, ओतून आणली, जागेवर ठेवली. मग बसले.

"भाऊ," बाई म्हणाल्या.

"असू दे हो," भाऊ म्हणाले. "तिथं लक्षात नव्हतं म्हणालात, ते बरंच केलंत. दोघांनी कशाला जायचं? माझा मुलगा कमावतो. तुमचं कोण आहे?"

बाई यंत्राकडे बघत राहिल्या.

"चूक माझीच," भाऊ म्हणाले. "फोन करायला हवा होता, ते तर आहेच. पण मला दुसरंच खातंय. तुम्ही त्या दिवशी चहा पिताना म्हणाला होतात ना, येऊ दे रविवार म्हणून. मी हसण्यावारी नेलं. काय होणार आहे रविवारी, एवढं मी विचारायला हवं होतं. गेले पंधरा दिवस झोप नाही मला. तो माणूस वाचला असता." त्यांनी चष्मा काढून कोटाच्या टोकानं पुसला. "मी विचारलं असतं, तर तुम्ही सांगितलं असतं."

ते विचारत नव्हते. ते तसं धरूनच चालले होते.

"हो," बाई म्हणाल्या.

भाऊंनी मान डोलावली. शेजारी कोठाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला, तसे ते उठले, कोट उचलले, तिन्ही पुन्हा एकदा मोजले आणि गेले.

बाई बसून राहिल्या. त्या दिवशी भाऊंनी विचारलं असतं, तरी त्यांनी सांगितलं नसतं. विचारायला हवं होतं ते साहेबांनी.